दर पोळ्याला एक वीत

खुर्चीवर बसल्या की सुमनताईंचे पाय जमिनीला टेकत नसत. आमच्या शाळेच्या स्टाफरूममधल्या खुर्च्या जुन्या, उंच, आणि ताई चणीने इतक्या लहान की दहावीच्या मुली त्यांच्यापुढे थोराड दिसायच्या. मी शाळेत नवा होतो तेव्हा त्यांच्या पायाखाली एक पाट आणून ठेवला होता. त्यांनी तो टाचेने हळूच बाजूला सारला. "राहू दे रे सुनील," म्हणाल्या, "आमच्या घरात अधांतरी बसायची पद्धत आहे." मी हसलो. ती थट्टा नव्हती हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.

त्या भूगोल शिकवायच्या, मी गणित. त्या माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. दोघंही फोपनारचे, आणि आमच्या शेतांचा बांध एकच. शाळा बऱ्हाणपुरात, म्हणून सकाळी त्या माझ्या स्कूटरवर मागे बसून यायच्या. मागे कुणी बसलंय हे स्कूटरला कळायचंच नाही. एकदा पेट्रोल पंपावर त्या उतरल्या, मी पेट्रोल भरलं आणि तसाच शाळेपर्यंत निघून आलो. प्रार्थना संपल्यावर त्या चालत आल्या. सगळ्या स्टाफसमोर एवढंच म्हणाल्या, "गणिताच्या मास्तरांचा हातचा राहिला." आजही मी वर्गात हातच्याची बेरीज शिकवतो तेव्हा मान आपोआप मागे वळते.

फळ्यावर तापी काढायची त्यांची एक रीत होती. खडू आडवा धरायचा आणि न थांबता एका झटक्यात रेघ पश्चिमेला न्यायची. मग म्हणायच्या, "बाकीच्या नद्या जातात तिकडे ही जात नाही. मुलींनो, अशीही एखादी असते." मुलींनी कोऱ्या नकाशात जागा सोडल्या की त्या म्हणत, "नांग्या भरा." केळीत किंवा कपाशीत रोप मेलं की तिथे दुसरं लावतात, त्याला आमच्याकडे नांग्या भरणं म्हणतात. शहरातल्या मुलींना हा शब्द त्यांच्याकडूनच कळला. काही मुलींना तर तो भूगोलातलाच शब्द वाटायचा.

आणखी एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. ताईंना मावा जिलेबी जीव की प्राण. शाळेत कुणाचा निरोपसमारंभ असला की जिलेबी यायची. ताई एक घास खायच्या, डोळे मिटून खायच्या, आणि उरलेली शिपाईबाईच्या हातावर ठेवायच्या. घरीही अर्धी भाकर. आम्ही समजायचो, साखरेचा त्रास असेल. लग्न केलं नव्हतं, म्हणून काही जण वेगळंच काहीतरी समजायचे. त्या कुणाचीच समजूत दुरुस्त करत नसत.

आमच्या गावात एक म्हण आहे, ती बाहेर कुणाला कळणार नाही. एखाद्याने काम अंगावर घेतलं आणि केलंच नाही, की म्हातारे म्हणतात, "झालं, काशिनाथचं हेलिकॅप्टर." हे काशिनाथ म्हणजे सुमनताईंचे वडील. लहानपणापासून ताईंनी ही म्हण ऐकली होती. किराणा दुकानात ऐकली, लग्नाच्या पंगतीत ऐकली. मीसुद्धा एकदा बोलता बोलता त्यांच्यासमोरच म्हणून बसलो आणि जीभ चावली. त्या म्हणाल्या, "बोल ना. म्हण खोटी करेपर्यंत खरीच असते."

काशिनाथबाबा खूप जगले. ज्या वर्षी ताई निवृत्त झाल्या त्याच वर्षी ते गेले. वर्षश्राद्ध झाल्यावर ताईंनी मला गोठ्यात बोलावलं. आढ्याला काहीतरी गोणपाटात गुंडाळून टांगलेलं होतं. ते तिथे आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. कित्येक वर्षांत ते खाली कुणी उतरवलं नव्हतं. आम्ही ते उतरवलं. गोणपाट निघालं तसा मी मागे सरकलो, का ते सांगता येत नाही. पाइपचा एक हडकुळा सांगाडा, त्यात एक लोखंडी खुर्ची, मागे शेपटी आणि शेपटीला छोटा पंखा. वरची दोन लांब पाती शिवण झाडाच्या हलक्या लाकडाची, त्यांवर बऱ्हाणपुरी कापड ताणून वर खळ चढवलेली. दोन्ही पाती वाळवीने पोखरली होती. पण खुर्ची शाबूत होती, आणि इतकी अरुंद की माझ्यासारखा माणूस तिच्यात शिरलाच नसता.

तिथेच, गव्हाणीच्या कडेवर बसून, ताईंनी मला ती हकीगत सांगितली. नेपानगरला कागदाचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा बाबा तिथे फिटर होते, तरुण, एकटे, वाळक्या काटकीसारखे. एका परदेशी इंजिनियराने त्यांना एका माणसापुरत्या हेलिकॉप्टरचं चित्र दाखवलं. त्या काळात देशोदेशी लोक तसले प्रयोग करत होते: एकच माणूस, एकच खुर्ची, सायकलीइतकं साधं. बाबांनी तीन-चार वर्षं खपून तसं एक केलं. मोटारसायकलचं इंजिन लावलं. पण उडून भलतीकडे गेलं तर काय, म्हणून त्यांनी त्याला चार खुंटांना दाव्यांनी बांधायचं ठरवलं. पोळ्याचा दिवस होता, बैलांसाठी नवी दावी आणलेली होती. बाबांनी ती हेलिकॉप्टरला बांधली आणि बैलांनी जुनीच घालून मिरवणूक केली. आजीने त्यांना घरात घ्यायचं नाकारलं म्हणे. पण त्या दिवशी यंत्र जमिनीपासून एक वीत उचललं गेलं. दाव्यांना तेवढीच ढील ठेवली होती.

बाबांनी नियम केला: दर पोळ्याला नवी दावी, आणि प्रत्येक वेळी एक वीत जास्त. केळीच्या शेंड्यांवरून तापी दिसेपर्यंत.

"मग पुढच्या पोळ्याला काय झालं?" मी विचारलं.

"पुढच्या पोळ्याआधी बाबांचं लग्न झालं," ताई म्हणाल्या. "आईच्या हातच्या पुरणपोळ्या. यंत्र नुसतं कण्हलं, उठलं नाही." मग म्हणाल्या, "ते दरवर्षी म्हणायचे, वजन उतरवतो, पुढच्या पोळ्याला बघू. आईला ते कधी बोलले नाहीत. मी मात्र ऐकत होते."

त्या क्षणी मला जिलेबीचा घास आठवला. अर्धी भाकर आठवली. वयाच्या विसाव्या-बाविसाव्या वर्षापासून या बाईने स्वतःला त्या खुर्चीच्या मापात ठेवलं होतं, आणि बाप जिवंत आहे तोवर ती खुर्ची त्याची म्हणून तिला हात लावला नव्हता. मी गव्हाणीतला कडबा उगाच सारखा करत राहिलो.

बऱ्हाणपुरात पॉवरलूमची मशिनं दुरुस्त करणारे सलीमभाई ताईंच्या एका विद्यार्थिनीचे वडील. ताईंनी त्यांना बोलावलं. नवं, हलकं इंजिन मिळवण्यात आणि शिवणीची नवी पाती करण्यात दीड-दोन वर्षं गेली. सलीमभाई बोलके, आणि घाबरलेही होते. एकदा म्हणाले, "मॅडम, नदीच बघायची ना? गोठ्याच्या छतावर चढ जाओ. बात खतम."

"छतावर मी चढेन सलीमभाई," ताई म्हणाल्या. "पण खुर्ची कोण चढवणार? तिची पुढची वीत अजून बाकी आहे."

पहिले कित्येक महिने त्या इंजिन बंद ठेवून नुसत्या त्या खुर्चीत बसायच्या आणि दांडा इकडेतिकडे करायच्या. शिकवायला शेजारी कुणी बसूच शकत नाही, अशी ती वस्तू. "या वर्गात मास्तरला जागा नाही," त्या म्हणायच्या, आणि हे त्यांना फार आवडायचं. बसण्याआधी त्यांची एक सवय असे. डोळे मिटायच्या, मान हळूहळू फिरवायच्या आणि गालावर वारा घ्यायच्या. कुठून येतोय ते बोट दाखवून सांगायच्या. मी ओलं फडकं टांगून पडताळून पाहायचो. बोट चुकलेलं मला आठवत नाही.

माझं काम गाठी मारायचं. बैलांच्या घरात वाढलेला माणूस, दावं बांधायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पहिल्या पोळ्याला त्यांनी स्वतःच्या हाताने दाव्यांना वीत मोजली. इंजिन सुरू झालं तेव्हा कानठळ्या बसल्या, चिखल उडाला, बांधाशेजारच्या माझ्या केळीची पानं फाटून झिरमिळ्या झाल्या. आणि मग ती गोष्ट उचलली गेली. चारही दावी ताणली. ताई जमिनीपासून वीतभर वर होत्या. वीतभर म्हणजे किती? पाटावर उभं राहिलं तरी तेवढं होतं. पण खाली काही नव्हतं. मी गुडघ्यावर बसून खालून पलीकडचं गवत पाहिलं. ते दिसत होतं. सलीमभाई हात छातीशी धरून उभे होते.

आवाजाचा बोभाटा झाला आणि एक दिवस ठाणेदार आले. परवानगी दाखवा म्हणाले. "यह उड़ता है क्या?"

"बांधलेलं आहे साहेब," ताईंनी चार दावी दाखवली.

ठाणेदारांनी दावं ओढून पाहिलं, खुंट हलवून पाहिला. शेतकऱ्याच्याच घरातले असावेत. जरा विचार करून म्हणाले, "बंधा हुआ तो जानवर होता है. जानवर का परमिशन नहीं लगता." चहा घेऊन गेले. त्यानंतर सलीमभाई यंत्राला "आपलं जनावर"च म्हणू लागले, आणि ताई पोळ्याला त्याच्या नाकावर हळदकुंकू लावू लागल्या.

तिसऱ्या पोळ्याला मी त्यांना म्हटलं होतं की चार-पाच वीत एकदम सोडा, जमतंय की आता. त्यांनी मान हलवली. "जमिनीपासूनची प्रत्येक वीत वेगळी असते रे. खालच्या वितीला माती उचलून धरते. वरच्या वितीला आपलं आपण." गणिताचा माणूस म्हणून मी मनातल्या मनात हिशेब केला होता. माझी केळ दोन पुरुष उंच. ताईंच्या वितांनी तिच्या शेंड्यांवर पोचायला अजून बरेच पोळे लागणार होते.

आणि ताईंकडे तेवढे पोळे नव्हते. त्यांना काचबिंदू झाला होता. आधी कुणाला सांगितलं नाही. एकदा बाजारात नेलं होतं, स्कूटरवरून उतरताना अडखळल्या तेव्हा सांगितलं, तेही त्यांच्या भाषेत: "नकाशाचा समास वाढत चाललाय. मधलं अजून शाबूत आहे." डॉक्टर म्हणाले होते, औषधाने वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही.

इथे मला माझ्याबद्दल थोडं लिहावं लागतं, इच्छा नसली तरी. ताईंच्या गोठ्यापुढच्या त्या मोकळ्या तुकड्यातून तापीकडे पाहिलं तर मध्ये एकच गोष्ट होती, माझी केळीची बाग. बागेपलीकडे जमीन नदीकडे उतरत जाते. केळ नसती तर त्यांना तेव्हाच नदी दिसली असती, त्यांच्याकडे होत्या तेवढ्या वितांतून. हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. मी एकदा बोललो, "ताई, मधल्या पाच-सहा ओळी कापून टाकतो." बाग तेव्हा निसवली होती, घड बाहेर पडत होते.

ताई मला रागावल्याच. "निसवलेल्या केळीला विळा लावतात का? भरल्या पोटाची आहे ती."

मी मान खाली घातली. पण खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. त्या नाही म्हणतील हे ठाऊक होतं म्हणूनच मी विचारलं होतं. दुसऱ्यांदा विचारलं नाही. कापणीला चार-सहा महिने आहेत, तोवर त्यांची नजर टिकेल, असं स्वतःला सांगत राहिलो. रोज सकाळी त्या भेटल्या की मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहायचं टाळायचो.

जेठाच्या सुरुवातीला संध्याकाळी वादळ आलं. आमच्याकडे ते येतंच. पण त्या वर्षी आमच्या पट्ट्यात असं आलं की अर्ध्या तासात सगळं आडवं. सकाळी मी आणि वंदना, माझी बायको, शेतावर गेलो. केळीचा एकही खांब उभा नव्हता. घड मातीत तोंड खुपसून पडले होते, कच्चे, हिरवे. वंदना बांधावर बसली आणि पदराचं टोक तोंडात धरून बघत राहिली. आमचं घर पगारावर चालतं, आम्ही उपाशी राहणार नव्हतो. पण तिने ती बाग पोरासारखी सांभाळली होती.

मीही आधी केळीच पाहिली. मग माझी नजर वर गेली. पलीकडे, जिथे कायम हिरवी भिंत असायची, तिथे उजेड होता. पाण्याचा उजेड. आणि माझ्या पिकाचं मढं समोर असताना मला आतून हलकं वाटलं. हे मी वंदनाला आजवर सांगितलेलं नाही. ती हे वाचेल तेव्हा तिला कळेल.

ताई चाचपडत बांधापर्यंत आल्या. वंदनाशेजारी बसल्या, तिचा हात हातात घेतला. मग मी उठलो, गोठ्यात गेलो आणि दावी आणली.

ताईंना ती दिसली तशी त्या उभ्याच राहिल्या. "ठेव ती. तुझ्या आडव्या पिकावरून मी नदी बघायची? लाज आहे मला."

"ताई, पीक तर गेलं," मी म्हणालो. "आता नदीपण वाया घालवायची का?"

त्या ऐकेनात. तेव्हा वंदना बोलली. पदर तोंडातून काढला आणि म्हणाली, "बसा ताई. कुणाच्या तरी कामी येऊ द्या."

सलीमभाईंना फोन केला, ते दुपारपर्यंत आले. वारा पूर्ण पडला होता, वादळानंतर पडतो तसा. मी चारही गाठी दोनदा तपासल्या. ताईंनी चपला काढून खुंटाशी ठेवल्या, डोळे मिटून गालावर वारा घेतला, बोट पश्चिमेला दाखवलं आणि बसल्या.

ते यंत्र वर गेलं तेव्हाचं मी नीट सांगू शकणार नाही. दावी ताणली, आणि पासष्टीला टेकलेली, चाळीस-बेचाळीस किलोची, अर्धी आंधळी बाई माझ्याहून उंच बसलेली होती, सत्तर वर्षांपूर्वी बापाने स्वतःसाठी केलेल्या खुर्चीत. नाक हळूहळू नदीकडे वळलं आणि तिथे स्थिर झालं. मी देव फार मानत नाही. पण हात जोडले गेले. वंदनानेही जोडले होते. शेजारच्या शेतातले लोक वाकून घड गोळा करत होते, ते तसेच वाकलेले थांबले.

किती वेळ ते मला सांगता येणार नाही. खाली आल्यावर इंजिन थांबलं, पाती फिरत फिरत शांत झाली, तरी ताई उठल्या नाहीत.

"सुनील," त्या म्हणाल्या, "वळण आहे रे."

"कुठे?"

"आपल्या गावापाशीच. कोपर दुमडल्यासारखं. मी सगळं आयुष्य तिला सरळ काढत आले." आणि मग त्या हसायला लागल्या, इतक्या की सलीमभाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. पुढे कित्येक महिने बाजारात जुनी विद्यार्थिनी भेटली, कडेवर पोर असलं तरी, ताई तिला थांबवून सांगायच्या, "तापीत दुरुस्ती आहे. लिहून घे."

त्या वर्षीच्या पावसाळ्यात मी पुन्हा केळ लावली. गोठ्यापासून नदीच्या दिशेने एक पट्टी मात्र मोकळी सोडली, बैलगाडी जाईल एवढी. ताईंना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रागावल्या असत्या. पिकाची जमीन मोकळी ठेवणं त्यांना निसवलेली केळ कापण्याइतकंच पाप वाटायचं. वंदनाने विचारलं नाही. लावणी करताना तिनेच त्या जागी ओळीची दोरी धरली नाही.

बाग वाढली, डोक्यावर गेली. तोवर ताईंचा मधला नकाशाही गेला होता. उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. तरी पुढच्या वर्षीचा पोळा आला तेव्हा त्यांनी नवी दावी मागवली. सलीमभाई म्हणाले, "मॅडम, अब रहने दो."

"बांधलेलं जनावर आंधळ्यालाही ओळखतं, सलीमभाई. चारही दाव्यांची ओढ सारखी आली की मी सरळ आहे." मग माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "सुनील, या वर्षीची वीत तू मोज. तुझा पंजा मोठा आहे."

मी मोजली. माझी वीत त्यांच्या दीड वितीएवढी होती.

त्यांना खुर्चीपर्यंत नेलं. चपला खुंटाशी. डोळे मिटायची आता गरज नव्हती, तरी त्यांनी मिटले आणि मान हळूहळू फिरवली. एका दिशेला थांबल्या. गाल तिथे धरून राहिल्या.

"इकडून वारा यायला नको," त्या म्हणाल्या. "नदीकडचा आहे हा. इथे तुझी केळ आहे ना?"

मी खुंटाची गाठ पुन्हा ओढून पाहिली. "रोपं मेली ताई. मर लागली तेवढ्या पट्ट्यात."

गालावर वारा येत होता, पांढरे केस हलत होते. ओठांच्या एका कोपऱ्यात ते हसू होतं, स्कूटरवरून मागे राहिल्या होत्या त्या दिवशी स्टाफरूममध्ये आलं होतं तेच.

"मग नांग्या भरून घे," म्हणाल्या, आणि सलीमभाईंना इंजिन सुरू करायची खूण केली.

त्या वर गेल्या. नाक त्या मोकळ्या पट्टीकडे वळलं आणि वळलेलंच राहिलं. मी खालून पाहत होतो: ताणलेली दावी, काहीही न पाहणारा तो लहानसा चेहरा नदीकडे, आणि खुंटाशी वाऱ्याने उलटलेल्या त्यांच्या चपला.

त्या हिवाळ्यात ताई गेल्या. यंत्र आम्ही पुन्हा आढ्याला टांगलं आहे, पात्यांना कापड गुंडाळून. गावात ती म्हण अजून चालते. पण आता एखाद्याचं काम फार सावकाश, तरी नक्की होणार असलं, की म्हातारे ती म्हणतात.

नांग्या मी अजून भरलेल्या नाहीत.